एक चार जास्त

१

मिनल मॅडमचा ताळ्यावर जेवढा विश्वास होता तेवढा तिचा सख्ख्या नवऱ्यावरही नव्हता, आणि धर्मेंद्र काही वाईट माणूस नव्हता. गुणाकार असो, भागाकार असो, वार्षिक परीक्षेच्या गुणांची बेरीज असो, उत्तर आलं की ही बाई त्यातले आकडे एकमेकांत मिळवणार, नऊ नऊ काढून टाकणार आणि दोन्हीकडे तेवढंच उरलं तरच पेनाला टोपण लावणार. शाळेत तिची त्यावरून यथेच्छ टिंगल चालायची. खेळाचे रजत सर तर चहा आला की म्हणायचे, “मॅडम, साखर बरोबर पडली का, ताळा पाहून घ्या बाप्पा!” मिनल हसायची आणि पुढची वही ओढायची.

शाळा हिंगणा रोडवर. बहुतेक मुलांचे बाप एमआयडीसीत पाळीवर जाणारे. धर्मेंद्रही तिकडेच एका कंपनीत होता आणि संध्याकाळी मोटरसायकलवर बायको आणि लेक दोघींना घेऊन घरी जायचा. लेक दामिनी सातवीत, आणि सातवीची वर्गशिक्षिका तिची आईच. आता स्वतःची लेक स्वतःच्या वर्गात म्हटल्यावर लोक बोलायला टपलेलेच असतात. म्हणून मिनल तिच्याशी इतरांपेक्षा दुप्पट कडक वागायची. फळा पुसायला दामिनी, उन्हात उभं राहायला दामिनी, आणि वर्गात गोंधळ झाला तर आधी बाहेर जाणारीही दामिनीच. पोरगी चकार शब्द काढायची नाही. मॅडमच्या तोंडून शब्द निघाला की ही उठलीच.

डिसेंबरात गणित दिन आला. दरवर्षी तीच ती भाषणं, तीच ती फुलं, पाहुणे जांभया देतात. यंदा मिनलनं ठरवलं की असं काही करायचं की पाहुण्यांची झोपच उडाली पाहिजे. सातवीच्या वर्गात सत्तावीस मुलं. प्रत्येकाच्या हातात एका आकड्याचा पुठ्ठा द्यायचा, स्टेजवर ओळीत उभं करायचं, झाली सत्तावीस आकडी संख्या. पाहुण्यांनी वाटेल तशी मुलांची अदलाबदल करायची. इकडचा तिकडे, पहिला शेवटी, काहीही. मग मुलांनी आपापला आकडा ओरडायचा, मिनलनं तो लॅपटॉपवर टाकायचा, त्या अजस्र संख्येला नवानं भागायचं आणि मागच्या पडद्यावर दाखवायचं, बाकी शून्य. पुन्हा अदलाबदल, पुन्हा बाकी शून्य.

यात जादू काही नाही. दहाला नवानं भागा, एक उरतो. शंभराला भागा, एक उरतो. लाखाला, कोटीला, परार्धाला भागा, एकच उरतो. म्हणून चार हा आकडा एकंच्या घरात उभा राहो की परार्धाच्या पलीकडे, नवाच्या लेखी तो नुसता चार. जागेला किंमतच नाही. सगळ्या आकड्यांची बेरीज नवाच्या पाढ्यात बसली की संख्या बसलीच, आणि मिनलनं पुठ्ठे वाटतानाच बेरीज तशी बसवून ठेवली होती.

तालमीला सुरुवात झाली तशी एकच कटकट झाली. नावं घेऊन मुलं हलवायची म्हणजे अर्धा तास चिडवाचिडवीत जायचा. तेव्हा मिनलनं नियम केला. तालमीत कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही.

“मैदानात आले की तुम्ही मुलं नाही,” तिनं बजावलं. “तुम्ही आकडे आहात. चार म्हटलं की चारनं ऐकायचं, सात म्हटलं की सातनं. समजलं?”

पोट्ट्यांना हे इतकं आवडलं म्हणता! नळावरसुद्धा “ए पाच, सरक ना बे” चालू झालं. मिनलला वाटलं, चला, शिस्त लागली.

२

ती दुपार कोवळ्या उन्हाची होती. मुलं स्वेटर घालून ओळीत उभी होती आणि मिनल कडुनिंबाखाली टेबल टाकून त्यांच्याकडे पाठ करून बसली होती, कारण उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसत नव्हता. रजत सरांनी शिट्टी फुंकली. डावीकडून आकडे सुरू झाले. सात! दोन! नऊ! चार! मिनल ऐकायची आणि टाकायची. शेवटचा आकडा पडला, तिनं भागाकाराची कळ दाबली.

बाकी चार.

“काय झालं मॅडम?” रजत सर आले.

“काही नाही, बोट चुकीच्या कळीवर पडलं असेल. पुन्हा घ्या.”

पुन्हा घेतलं. बाकी चार. मुलांची जागा बदलून घेतलं. बाकी चार. मग मात्र मिनल चमकली, कारण बोटाची चूक दर वेळेला तीच कशी होईल? तिनं पडद्यावरची संख्या बोटानं मोजली. आकडे अठ्ठावीस होते. ती उठली आणि मुलं मोजली. मुलं सत्तावीस होती. तिनं उलट्या टोकाकडून मोजली, तरी सत्तावीसच.

“कोणीतरी डबल ओरडून राहिलं,” रजत सर म्हणाले. “ए गोलू! तू का रे?”

गोलू आणि विक्की ही वर्गातली नामचीन जोडी. दोघांकडेही चारचा पुठ्ठा होता. तिसरा चार दामिनीकडे. मिनलनं चारचे पुठ्ठे तीनच कापले होते.

“आईशप्पथ सर, मी नाही!” गोलू म्हणाला. “मी एकदाच बोलून राहिलो.”

“थांबा, मी स्वतः पाहतो,” सर म्हणाले. ठरलं असं की सर ओळीपुढून चालत जाणार आणि ज्याच्या खांद्यावर हात ठेवतील त्यानंच बोलायचं. मिनल पुन्हा कडुनिंबाखाली बसली. आकडे एकामागून एक नीट, सावकाश आले. तिनं टाकले. अठ्ठावीस आकडे. बाकी चार.

तिनं वळून पाहिलं. रजत सर ओळीच्या टोकाला उभे होते आणि आपला उजवा हात पँटला पुसत होते.

“सर, कोणाच्या खांद्यावर दोनदा हात ठेवला का?”

“नाही हो. एकेकदाच ठेवला.” ते टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, एका पोट्ट्याच्या अंगात स्वेटर नाही. खांदा असा गार लागला की विचारू नका. त्याच्या घरी सांगा बरं.”

“कोणाच्या?”

सरांनी ओळीकडे पाहिलं. इकडून तिकडे पाहिलं, मग परत तिकडून इकडे. सगळ्यांच्या अंगात स्वेटर होतं.

“आता बघा,” ते म्हणाले आणि कसंनुसं हसले. “नाव काही ध्यानात नाही आलं. चार होता तो.”

३

मिनल भित्री नव्हती. भुताखेताचं नाव काढलं की वर्गात पोरांना झापणारी बाई ती. घरी जेवायला बसेपर्यंत तिनं चार-सहा कारणं काढून ठेवली होती. मैदानापलीकडच्या भिंतीवरून आवाज परत येत असेल. कोणी टवाळ पोट्टं भिंतीमागून ओरडत असेल. आपल्याच हातून एखादी कळ दोनदा दाबली जात असेल. कारणं चांगली होती. पण प्रत्येक कारण घेऊन ती त्याच एका जागी येऊन अडायची. बाकी दर वेळेला चारच का?

आणि याचं उत्तर तिला येत होतं, हाच तर त्रास होता. सत्तावीस जणांची बेरीज नवानं पूर्ण जाते. त्यांच्यातलं काहीच उरत नाही. मग जो जास्तीचा आला असेल, तो एकटाच बाकी म्हणून उरणार. उरतात चार. म्हणजे जो जास्तीचा आहे, त्याचा आकडा चार आहे. ताळ्यानं त्याला पकडून तिच्यासमोर उभं केलं होतं. फक्त दाखवलं नव्हतं. तिच्या हातातला घास तसाच राहिला.

“काहून वं, जेवून नाही राहिली?” धर्मेंद्रनं विचारलं.

“काही नाही. तालमीत एक आवाज जास्त येऊन राहिला.”

“पोट्टे मस्ती करून राहिले असतील. तू काहून टेन्शन घेऊन राहिली?” त्यानं दामिनीच्या ताटात वरण वाढलं. “मी तर सुट्टी टाकून राहिलो त्या दिवशी. माझी पोरगी स्टेजवर उभी राहते तर पहिल्या लाइनीत बसतो मी.”

दामिनी खुशीत हसली. मिनलनं तिच्याकडे पाहिलं. विचारावं की नाही, असं झालं तिला. मग विचारलंच.

“दामू, तुझ्या बाजूला कोण उभं असतं?”

“इकडून विक्की. म्हणजे चार.” नाव घेतलं म्हणून दामिनीनं जीभ चावली.

“विक्कीच्या आणि तुझ्यामध्ये कोणी नसतं ना?”

“असते ना.”

“कोण?”

“चार.”

“अगं, चार तर विक्की. चार तू. मधला कोण?”

“तोही चारच आहे.” दामिनीनं पोळी मोडली. तिला यात नवल काहीच वाटत नव्हतं. “तो बोलत नाही जास्त. आपला आकडा आला की तेवढा बोलतो.”

“त्याचं नाव काय?”

“मले काय माहीत? तूच तर म्हटलं, नाव नाही विचारायचं.”

धर्मेंद्र मोठ्यानं हसला. “बरी जिरवली तुझी!” तो म्हणाला. मिनल उठली आणि हात धुवायच्या निमित्तानं नळाखाली बराच वेळ हात धरून उभी राहिली.

४

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी बसली नाही. ओळीसमोर उभी राहिली.

“सगळे चार, पुढे या.”

तिघं पुढे आले. गोलू, विक्की, दामिनी. तिघं तिच्या हाताच्या अंतरावर उभे होते आणि तिघांची तोंडं तिला स्वच्छ दिसत होती.

“आता आपापला आकडा बोला. एकेकानं.”

“चार,” गोलू म्हणाला. “चार,” विक्की म्हणाला. “चार,” दामिनी म्हणाली.

“चार.”

अरे देवा! मिनल त्यांच्या ओठांकडेच पाहत होती. तिघांचेही ओठ मिटलेले होते. आवाज लहान मुलाचा होता, शहाण्यासारखा, शिकवलं तसाच, ना मोठा ना हळू. विक्कीच्या आणि दामिनीच्या मधून आला होता. तिथं मैदानाची माती होती आणि त्यावर ऊन पडलं होतं.

गोलूचा चेहरा रडवेला झाला. “मॅडम, मी नाही बोललो. माझ्यावर नका रागावू.”

“नाही रे राजा, तुझ्यावर नाही,” मिनल म्हणाली. चूक कुठं झाली ते तिला आता लख्ख दिसलं. नाव असलं की मूल हजेरीत लागतं, आईबापाचं लागतं, घरचं लागतं. आकड्याला काय लागतं? आपणच दार उघडून ठेवलं आणि म्हटलं, या, ज्याला आकडा आहे त्यानं उभं राहा. कोणीतरी येऊन उभं राहिलं.

“आकडे बंद!” ती ओरडली. “आजपासून नावं. ओळीत जा आणि प्रत्येकानं आपलं पूर्ण नाव सांगा.”

मुलं ओळीत गेली. नावं सुरू झाली. करिष्मानं आपलं नाव सांगितलं, तिच्या पुढच्यानं सांगितलं. मिनल प्रत्येक नावाबरोबर मोकळी होत गेली. गोलूचं नाव आलं, विक्कीचं आलं. मग ओळ थांबली.

पुढची दामिनी होती. ती गप्प उभी होती.

“दामिनी, बोल ना.”

“माझी पाळी नाही आली मॅडम.” दामिनीनं आपल्या उजव्या बाजूला पाहिलं, थोडं खाली, जसं कोणी आपल्यापेक्षा बुटकं उभं असावं. “आधी याचं होऊ द्या. याले नाव आठवून नाही राहिलं.”

आणि मिनलनं पाहिलं की सगळी मुलं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, पण विक्कीच्या आणि तिच्या लेकीच्या मध्ये एका लेकराएवढी जागा मोकळी आहे. बाकीची मुलंही वाकून त्या मोकळ्या जागेकडे पाहत होती. एखादा पोरगा फळ्यापुढे अडला की वर्ग जसा वाट पाहतो, तशी ती वाट पाहत होती. कोणी हसत नव्हतं.

तिनं तालीम तिथंच मोडली आणि तडक मुख्याध्यापिका सिंधूताईंच्या खोलीत गेली.

“कार्यक्रम रद्द करा,” ती म्हणाली.

सिंधूताईंनी चष्मा काढला. “मॅडम, पाहुण्यांना कळवून झालं. पालक सुट्ट्या टाकून येऊन राहिले. कारण काय सांगू? एक मूल जास्त आहे म्हणून?”

“हो.”

“मी आत्ता खिडकीतून मोजली. सत्तावीस आहेत.” त्यांनी मिनलच्या हातावर हात ठेवला. “मुलं गंमत करून राहिली मॅडम. तुम्ही दमल्या. घरी जा, आराम करा. मुलीला घेऊन जा.”

मिनलला वाटलं, दामिनीला तरी घरी ठेवावं. ती तसं बोललीही. पण पोरीनं पहिल्यांदाच हट्ट धरला, बाबा सुट्टी घेऊन येणार म्हणून रडून आकांत केला, आणि धर्मेंद्र बायकोवर चिडला. “सगळ्याइच्या लेकरायले स्टेज, अन् माझ्याच लेकराले घरी बसवते का?” तो म्हणाला. शिवाय आतून एक गोष्ट मिनललाही टोचत होतीच. आपल्या लेकीला वाचवायचं आणि बाकीच्या लेकरांना त्याच्या बाजूला उभं करायचं, हे कोणत्या तोंडानं करणार?

५

गणित दिनाच्या सकाळी तिला उपाय सुचला. सुचला तेव्हा इतका सोपा वाटला की ती स्वतःवरच चिडली. जे आकड्याच्या हाकेनं आलं, ते आकड्याच्या हाकेनं जाईल. त्यानं आजवर एकही हुकूम मोडला नव्हता. बोल म्हटलं तर बोलला होता, पुढे ये म्हटलं तर आला होता. शिस्तीचं लेकरू होतं ते. जा म्हटलं तर जाईल.

हॉल पालकांनी भरून गेला होता. पहिल्या रांगेत धर्मेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता आणि शेजारच्याला सांगत होता की माझी पोरगी चार आहे. पडद्यामागे मुलं ओळीत उभी राहिली. तिथं उजेड कमी होता. पुठ्ठे छातीशी धरायचे की तोंडासमोर, यावरून कुजबुज चालली होती. बाहेर रजत सर माइकवरून पाहुण्यांची ओळख करून देत होते.

मिनल ओळीपुढे आली. बोलायच्या आधी तिनं पाठ फिरवली. खोटं कशाला सांगू, तिला भीती वाटली. जे जाणार होतं ते जाताना दिसेल याची भीती. तिनं डोळेसुद्धा मिटून घेतले.

“एक चार जास्त आहे,” ती म्हणाली. “त्यानं ओळीतून निघायचं. सातवीच्या वर्गात जाऊन बसायचं. मी बोलावेपर्यंत बाहेर यायचं नाही.”

मग ओळीतून कोणीतरी निघालं. पावलं ऐकू आली, हलकी, अडखळणारी. एकदा थांबली. मिनलनं वळून पाहिलं नाही.

“जा म्हटलं ना!” ती वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली.

पावलं मागच्या पायऱ्या उतरून गेली. दार वाजलं आणि बंद झालं.

पडदा उघडला तेव्हा ती विंगेत लॅपटॉपपाशी उभी होती आणि तिचे ओठ नुसते मोजत होते. सत्तावीस. पाहुण्यांनी मोठ्या हौसेनं मुलांची उलटापालट केली. “या ताईला इकडे आणा, त्या टोपीवाल्याला मध्ये टाका,” लोक हसले. मग आकडे सुरू झाले. मिनल एकेक टाकत गेली. शेवटचा आकडा पडला. सत्तावीस आकडे. तिनं कळ दाबली.

बाकी शून्य.

काय टाळ्या पडल्या! पाहुणे स्वतः उठून उभे राहिले. पुन्हा उलटापालट, पुन्हा बाकी शून्य. मिनलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. गेलं! तिनं घालवलं होतं! तिनं ओळीवरून नजर फिरवली आणि चार शोधले. गोलू एक, मोठ्या ऐटीत. विक्की दोन. तिसरा चार पार तिकडच्या टोकाला होता. पुठ्ठा तोंडासमोर धरला होता, नुसती बोटं दिसत होती. लाजून राहिली माझी पोरगी, मिनलच्या मनात आलं, आणि तिला इतकं प्रेम दाटून आलं की आता घरी गेल्यावर तिला कुशीत घ्यायचं, कडकपणा पुरे झाला, असं तिनं तिथंच ठरवलं.

६

कार्यक्रम आटोपला. हॉल रिकामा होत होता. मुलं पुठ्ठे परत करून पळत होती. गोलूनं दिला, विक्कीनं दिला. मिनल गठ्ठा लावत होती तेवढ्यात शाळेतल्या मावशी, प्रयागबाई, मागच्या दारानं आल्या. त्यांचा चेहरा रागावलेला होता.

“मॅडम, एक बोलू का? तुमचं लेकरू असलं म्हणून काय झालं, असं करते का कोणी?”

“काय झालं मावशी?”

“दामिनीले काहून काढलं ओळीतून? बिचारी पुठ्ठा धरून रडत रडत वर्गात गेली. मी म्हटलं, माय, काय झालं? तर म्हणे, मॅडमनं सांगितलं, एक चार जास्त आहे. म्हणे, मी नाही गेली तर दुसऱ्या कोणाले जा लागन, मॅडमले आवडणार नाही.”

मिनलनं हातातले पुठ्ठे चाळले, चारचे दोनच होते.

“नाही,” ती म्हणाली. “ती स्टेजवर होती. मी पाहिली. तिथं, त्या टोकाला…”

तिनं स्टेजकडे पाहिलं. स्टेज रिकामं होतं.

ती धावत सुटली. साडीचा काठ पायात आला, चप्पल निघाली, तिला भान नव्हतं. ताळा जुळला होता ना! पण ताळा फक्त चार पाहतो. कोणता चार गेला आणि कोणता राहिला, हे ताळा पाहतच नाही. हे तिनं स्वतः मुलांना किती वेळा सांगितलं होतं की आकडे बरोबर आहेत एवढंच ताळा सांगतो, पोरांनो, डोळे उघडे ठेवून पाहायचं काम तुमचं. आणि ती स्वतः डोळे मिटून उभी राहिली होती.

सातवीचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला. दार लोटलेलं होतं. तिनं ते ढकललं. खिडक्या बंद होत्या, बाकांवर दुपारचं ऊन पट्ट्यापट्ट्यानं पडलं होतं. पहिल्या बाकावर चारचा पुठ्ठा ठेवला होता. बाकी सगळे बाक रिकामे. तिनं बाकांखाली वाकून पाहिलं, दाराच्या मागे पाहिलं, कपाटसुद्धा उघडलं.

“दामिनी!” ती ओरडली. “दामू! दामिनी!”

“काय, आई?”

आवाज मागून आला. मिनल वळली. दारात तिची लेक उभी होती. तोंडासमोर चारचा पुठ्ठा होता, मिनलनं कधी कापलाच नव्हता असा चौथा. तो हळूहळू खाली आला. भांग आला, कपाळ आलं, डाव्या भुवईवरचा तो जुना व्रण आला, डोळे आले. सगळं बरोबर होतं. जिथं जे हवं तिथं ते होतं. मिनल एकेक जागा पाहत गेली, आणि कुठंही काही चुकत नव्हतं.

व्हरांड्यातून धर्मेंद्रचा आवाज आला. “दामिनी! आईले आण ना बेटा लवकर, मी गाडी काढून राहिलो!”

“आणतो, बाबा!” दारातली म्हणाली. तिनं नाव ऐकलं तेव्हा एक गोड, समाधानाचं हसू तिच्या तोंडावर आलं. “चल ना, आई. बाबा वाट पाहून राहिले.”

मिनलनं दाराकडे पाठ केली, रिकाम्या बाकांकडे तोंड केलं, आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “चार?”

पहिल्या बाकावरून, जिथं कोणी नव्हतं तिथून, रडून रडून बसलेल्या आवाजात उत्तर आलं.

“हो मॅडम. आता येऊ का मी बाहेर?”